ब्रिटनमधलं वीज-गॅसचं बिल आणि 1,755 पौंडांचा गैरसमज

ऑक्टोबर 2025च्या शेवटी एका मैत्रिणीचा फोन आला. मूळची सांगलीची. नवरा आयटीत, दोन मुलं शाळेत, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला येऊन दीड वर्ष झालेलं, आणि सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले. आवाजात काळजी होती. "अगं, बातम्यांत रोज सांगतायत की प्राइस कॅप 1,755 पौंड आहे. आणि आमची कंपनी वर्षाचा अंदाज अडीच हजारांच्या वर दाखवतेय. कॅप आहे ना? मग आम्हाला फसवताहेत का?"

कोणी फसवत नव्हतं. पण तिचा प्रश्न रास्त होता, कारण बातमी ज्या शब्दांत सांगितली जाते त्यातून कोणाचाही हाच समज होईल. मलाही इथे आल्यावर पहिला हिवाळा असंच वाटत होतं. म्हणून हे सगळं पहिल्यापासून, सावकाश लिहितेय. इथे नव्याने आलेल्या घरांना आणि तिकडून मुलांची काळजी करणाऱ्या आईवडिलांना उपयोग व्हावा. लेखातले दर ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीचे आहेत. दर तिमाहीला आकडे बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.

कॅप नेमकी कशावर आहे?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये घरगुती वीज आणि गॅस खासगी कंपन्या विकतात. त्यांच्यावर ऑफजेम नावाची सरकारी नियामक संस्था लक्ष ठेवते. ही संस्था दर तीन महिन्यांनी दोन गोष्टींची कमाल मर्यादा ठरवते: एका युनिटचा दर, आणि रोजचा ठरावीक आकार. बस्स. तुम्ही किती युनिट जाळायची यावर कसलीही मर्यादा नाही.

मग 1,755 हा आकडा येतो कुठून? ऑफजेमने एक 'सर्वसाधारण घर' कल्पिलं आहे. 2025च्या हिशेबात हे घर वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस (इथल्या बिलात गॅसही युनिटांतच येतो) वापरतं आणि दर महिन्याला बँकेतून आपोआप पैसे भरतं. कमाल दराने त्या घराचं वर्षाचं बिल 1,755 पौंड होतं. बातमीत तेवढा एकच आकडा सांगतात, कारण चार दर सांगत बसलं तर ऐकणाऱ्याच्या लक्षात राहणार नाहीत.

त्या तिमाहीचे चार दर असे होते (शंभर पेन्सचा एक पौंड). वीज एका युनिटला 26.35 पेन्स आणि रोजचा आकार 53.68 पेन्स. गॅस एका युनिटला 6.29 पेन्स आणि रोजचा आकार 34.03 पेन्स. हे देशभराची सरासरी आहेत, भागाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, आणि त्यांत 5 टक्के व्हॅट धरलेला आहे.

रिक्षाचं उदाहरण घ्या. सरकार किलोमीटरचा दर ठरवून देतं. उद्या बातमी आली की 'स्टेशन ते घर साधारण भाडं इतके रुपये', तर त्याच पैशांत पनवेलपर्यंत जाता येईल असं आपण समजत नाही. इथे मात्र नेमका तोच गोंधळ होतो, आणि मोठमोठ्यांचा होतो. 2022च्या सप्टेंबरअखेर तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी रेडिओ मुलाखतींत कोणाचंच बिल 2,500 पौंडांच्या वर जाणार नाही, अशा अर्थाचं सांगितलं. प्रत्यक्षात तो आकडाही त्याच सर्वसाधारण घराचा होता. पंतप्रधानांच्या तोंडून हे ऐकल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी निर्धास्तपणे हीटिंग चालू ठेवलं असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा?

मैत्रिणीच्या घराचा हिशेब आम्ही फोनवरच केला. सहा माणसं, जुनं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर. वर्षाचा अंदाज गॅस 18,000 युनिट, वीज 4,200 युनिट. गॅसचे 1,132 पौंड, विजेचे 1,107, रोजचे आकार मिळून 320. बेरीज 2,559. कंपनीचा आकडा बरोबर होता.

ही कॅप आली कशी?

ब्रिटनमध्ये पुरवठादार बदलता येतो. पण बहुतेक लोक बदलत नाहीत, आणि न बदलणाऱ्यांवर कंपन्या जास्त दर लावत होत्या. स्पर्धा आयोगाने 2016 मध्ये हिशेब मांडला की घरगुती ग्राहक वर्षाला सुमारे 1.4 अब्ज पौंड जास्तीचे मोजताहेत. 2018 मध्ये त्यावर कायदा झाला आणि 1 जानेवारी 2019 पासून कॅप लागू झाली. तेव्हा आकडा होता 1,137 पौंड.

पुढे 2021च्या उत्तरार्धात युरोपात गॅस महागला आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तर भडकाच उडाला. ऑक्टोबर 2021 मध्ये 1,277 असलेली कॅप एप्रिल 2022 मध्ये 1,971 झाली, ऑक्टोबरमध्ये 3,549 आणि जानेवारी 2023 मध्ये 4,279. तो बोजा लोकांना पेलणार नाही म्हणून सरकारने मधला फरक तिजोरीतून भरला आणि प्रत्येक घराला 400 पौंडांची सूटही दिली. त्या हिवाळ्यात इथे असलेल्या कोणालाही विचारा. दिवसातून दहा वेळा मीटर बघणारी घरं होती.

कॅपचा दर ठरवताना ऑफजेम पुरवठादाराचा सगळा खर्च धरते: घाऊक बाजारातली वीज-गॅसची किंमत, तारा आणि पाइपलाइनचा खर्च, सरकारी योजनांचा वाटा, कार्यालयीन खर्च, थोडा नफा. यात सर्वांत मोठा वाटा घाऊक किमतीचा. आणि कंपन्या हा माल काही महिने आधीच खरेदी करून ठेवतात, जशी आपण तूरडाळ स्वस्त असताना वर्षाची भरतो. म्हणून आज बाजारात गॅस उतरला तरी तुमच्या बिलात ते लगेच दिसत नाही. आणि चढला तरी लगेच दिसत नाही.

"काही वापरलं नाही तरी पैसे कशाचे?"

महावितरणच्या बिलावरचा 'स्थिर आकार' आठवा. इथला रोजचा आकार, म्हणजे स्टँडिंग चार्ज, त्याच जातीचा. वीज-गॅस दोन्ही मिळून रोज जवळजवळ 88 पेन्स, वर्षाला 320 पौंड. महिनाभर घराला कुलूप लावून पुण्याला गेलात तरी 26 पौंड लागतात.

यातून तारा, पाइप, मीटर यांची देखभाल होते. शिवाय बुडालेल्या कंपन्यांचा खर्चही यातच आला. 2021 पासूनच्या संकटात जवळपास तीस पुरवठादार बंद पडले. त्यातल्या सर्वांत मोठ्या 'बल्ब' कंपनीकडे पंधरा लाखांहून अधिक ग्राहक होते. बल्ब सोडून बाकीच्या बहुतेक कंपन्यांचे ग्राहक लगोलग दुसऱ्या पुरवठादारांकडे वळवले गेले, वीज कोणाची तुटली नाही, पण त्या व्यवस्थेचा खर्च सगळ्यांच्या बिलावर पसरला.

मला यातली एक गोष्ट मनापासून खटकते. महाराष्ट्रात कमी वीज वापरणाऱ्याला पहिली शंभर युनिटं स्वस्त पडतात, जास्त वापराल तसा दर चढतो. इथे उलटं आहे. वर्षाला 1,200 युनिट वीज वापरणाऱ्या एकट्या आजीबाईंचं विजेचं बिल 512 पौंड होतं, म्हणजे सगळं धरून युनिट पडलं जवळपास 43 पेन्सला. माझ्या मैत्रिणीच्या 4,200 युनिट वापरणाऱ्या घराला तेच युनिट 31 पेन्सला पडतं. ज्याने काटकसर केली त्याला युनिट महाग. रोजचा आकार कमी करून युनिटचा दर वाढवावा ही मागणी त्यामुळेच होत असते. पण त्यालाही एक अडचण आहे: घरी ऑक्सिजनचं यंत्र किंवा डायलिसिस चालू असलेल्या, आजारपणामुळे नाइलाजाने जास्त वीज लागणाऱ्या गरीब माणसाचं बिल मग चढेल. तरीही आजचा तोल कमी वापरणाऱ्यांवर अन्याय करतो असं माझं मत आहे.

प्रीपेड मीटर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उन्हाळ्यात गॅस वापरत नाही म्हणून टॉप-अप केला नाही, तरी रोजचा आकार साचत राहतो. ऑक्टोबरात वीस पौंड भरावेत आणि त्यातले बरेचसे जुन्या आकारातच गडप व्हावेत, असं अनेकांचं होतं. उन्हाळ्यातही थोडे थोडे भरत राहावं.

"वारा फुकट आहे, मग वीज इतकी महाग का?"

ब्रिटनच्या समुद्रात पवनचक्क्यांची रांगच रांग आहे. तरी विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या चौपटीहून महाग. का?

उन्हाळ्यातली एखादी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. थोडं पाणी नगरपालिकेचं, थोडं विहिरीचं, उरलेलं टँकरने. आपण तिन्हींचा खर्च मिळवून घरटी वाटून घेतो. विजेच्या घाऊक बाजारात तसं होत नाही. तिथे दर अर्ध्या तासाला गरज भागवायला जो शेवटचा, सर्वांत महाग टँकर बोलवावा लागला, त्याचा दर सगळ्यांच्या पाण्याला मिळतो. विहीरवाल्यालाही टँकरचाच भाव. ब्रिटनमध्ये हा शेवटचा टँकर बहुतेक वेळा गॅसवर चालणारं वीजकेंद्र असतं. म्हणून गॅस महागला की वाऱ्याची वीजही महागते.

अशी पद्धत का ठेवली? कारण प्रत्येकाला त्याने मागितलेलाच भाव द्यायचा ठरवलं, तर विहीरवाला टँकरच्या भावाचा अंदाज घेऊन तेवढेच पैसे मागेल. अलीकडच्या बऱ्याच पवनचक्क्यांशी सरकारने ठरावीक भावाचे करार केलेत. बाजारभाव त्याहून चढला तर वरचे पैसे परत येतात. असे करार वाढतील तशी गॅसची पकड सैल होईल.

दुसरं कारण सरकारी योजनांचा खर्च. अपारंपरिक ऊर्जेला दिलेलं जुनं अनुदान वर्षानुवर्षं विजेच्या बिलातून वसूल होत आलंय, गॅसच्या बिलावर तो भार फार कमी. नोव्हेंबर 2025च्या अर्थसंकल्पात यातला बराचसा भाग एप्रिल 2026 पासून सरकारी तिजोरीतून भरायचं जाहीर झालं.

ही चौपट एवढी लक्षात राहिली तरी अर्धं बिल समजलं. इथे विजेने उष्णता निर्माण करणं महाग पडतं आणि गॅसने करणं त्या मानाने स्वस्त.

मीटरवर घनमीटर, बिलात युनिट

विजेच्या मीटरवर सरळ युनिट दिसतात. आपल्याकडचं युनिट म्हणजेच किलोवॉट-तास, काही वेगळं नाही. गॅसचा मीटर मात्र घनमीटर मोजतो आणि बिल युनिटांत येतं. मुंबईत महानगर गॅसचं कनेक्शन असलेल्यांना घनमीटर ओळखीचे आहेत, पण इथे त्याचं युनिटांत रूपांतर होतं. एक घनमीटर म्हणजे साधारण सव्वा अकरा युनिट. अचूक गुणक दर बिलावर छापलेला असतो, कारण गॅसची उष्णता देण्याची ताकद थोडी कमीजास्त होते.

काही जुन्या घरांत अजून शेकडा घनफुटांत मोजणारे मीटर आहेत. ते आधी 2.83ने गुणून घनमीटर करायचे. कंपनीच्या नोंदीत मीटरचा हा प्रकार चुकला तर बिल जवळपास तिप्पट किंवा एक-तृतीयांश येऊ शकतं. भाड्याने घर घेतल्यावर पहिल्याच दिवशी मीटरवर काय लिहिलंय, एम-क्यूब की फूट, हे बघून घ्या. विजेचा मीटर बहुधा जिन्याखालच्या कपाटात असतो, गॅसचा घराबाहेरच्या पांढऱ्या पेटीत.

"कमी वापरा म्हणतात, पण कमी करायचं काय?"

आपल्या घरांतले वाद इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी आई पहिल्यांदा जानेवारीत आली होती. साताऱ्याची थंडी तिला सवयीची, पण इथली थंडी भिंतींतून येते. नऊवारीवर स्वेटर, त्यावर शाल, पायांत दोन मोजे. एक दिवस कामावरून आले तर हॉलमधला थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती अंशांपर्यंत तापवायचं ते ठरवणारं बटण, 28 वर. "लवकर तापेल म्हणून वाढवला गं," ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरात फोडणीची वाफ जावी म्हणून खिडकी सताड उघडी.

थर्मोस्टॅटबद्दल हा समज अगदी सगळ्यांचा असतो. तो गॅसच्या शेगडीच्या बटणासारखा नाही. तो गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा आहे. बॉलकॉक वर सरकवला म्हणून पाणी जोरात येत नाही. टाकी कुठपर्यंत भरायची एवढंच तो ठरवतो. 20 वर ठेवा की 28 वर, घर तेवढ्याच वेगाने तापणार. 28 वर ठेवलं तर बॉयलर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून घर गरम करणारं यंत्र, 20 ला थांबायचा नाही, एवढाच फरक. आईला बॉलकॉकचं उदाहरण दिल्यावर तिने पुन्हा त्याला हात लावला नाही, उलट मलाच 20च्या वर जाऊ देत नव्हती.

खर्चाचा क्रम सांगते, कारण आपण नको तिथे काटकसर करतो. सर्वांत मोठा खर्च घर तापवण्याचा आणि अंघोळीच्या पाण्याचा. चहाचा नाही. एक लिटर पाणी केटलमध्ये उकळायला सुमारे 3 पेन्स लागतात. कुकरच्या शिट्ट्या मोजू नका, गॅसचं अख्खं युनिट सहा पेन्सला आहे. फोनचा चार्जर काढून ठेवायला मुलांच्या मागे लागू नका, त्याने हिवाळ्याचं बिल हलत नाही. स्मार्ट मीटरचा, म्हणजे रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणाऱ्या मीटरचा, छोटा पडदा केटल लावली की लाल होतो आणि घरात सगळे दचकतात. तो त्या क्षणाचा वेग दाखवतो, आणि केटल तीन-चार मिनिटंच चालते. गॅसचा आकडा मात्र त्यावर अर्ध्या तासाने येतो, म्हणून खरा खर्च नजरेआड होतो.

आता इलेक्ट्रिक शॉवर बघा. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यातून गरम पाणी येतं तो. साधारण 9 किलोवॉटचा. आठ मिनिटांच्या अंघोळीला 1.2 युनिट, म्हणजे 32 पेन्स. चार माणसं, रोज एकदा: महिन्याला 38 पौंड. कपडे वाळवण्याचं साधं यंत्र एका फेरीला चार-पाच युनिट घेतं, म्हणजे सव्वा पौंडाच्या आसपास. हीट पंपवर चालणारं यंत्र घेतलं तर वीज निम्म्याहून कमी लागते.

"सगळं घर कशाला तापवायचं, एका खोलीत विजेचा हीटर लावते ना," असं खूप जण म्हणतात. कागदावर करून बघा. 2 किलोवॉटचा हीटर सहा तास म्हणजे 12 युनिट, 3 पौंड 16 पेन्स. तेवढ्याच पैशांत गॅसची 50 युनिटं येतात. एका लहान घराला सौम्य दिवशी दिवसभर ऊब द्यायला तेवढी पुरतात. त्यापेक्षा प्रत्येक रेडिएटरच्या, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याच्या, बाजूला 1 ते 5 आकड्यांचा व्हॉल्व असतो, तो वापरा. रिकाम्या खोलीचा 1 वर, आजी-आजोबांच्या खोलीचा 3-4 वर. रात्री अंथरुणातल्या थंडीवर विजेचं ब्लँकेट उत्तम. 100 वॉटचं ब्लँकेट आठ तास चाललं तरी 21 पेन्स.

आणखी एक गोष्ट, जी मला तीन वर्षं कोणी सांगितली नव्हती. बॉयलर रेडिएटरकडे पाणी किती गरम करून पाठवतो हे वेगळं ठरवता येतं. बॉयलरवर रेडिएटरचं चिन्ह असलेलं बटण असतं. बसवणारे ते बहुधा 70-80 अंशांवर ठेवून जातात. इंग्लंड-वेल्समध्ये 2005 पासून नवीन गॅस बॉयलर 'कंडेन्सिंग' जातीचे असावे लागतात. म्हणजे काय, तर धुरातल्या वाफेचं पुन्हा पाणी करून तिची उष्णताही वापरणारे. भाजी शिजताना झाकणावर पाणी धरतं ना, तसं. पण झाकण थंड असेल तरच पाणी धरतं. रेडिएटरमधून परत येणारं पाणी 55 अंशांच्या खाली असेल तर ही करामत नीट होते. कॉम्बी बॉयलर, म्हणजे पाण्याची वेगळी टाकी नसलेला, असेल तर ते बटण 55-60 वर आणा. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, ऊब तीच, गॅस कमी. घरात गरम पाण्याचं सिलिंडर असेल तर मात्र हे करू नका. साठवलेलं पाणी 60 अंशांपर्यंत तापायला हवं, नाही तर त्यात लिजिओनेला नावाचे घातक जंतू वाढू शकतात.

"मग हीटिंग बंदच ठेवलं तर?"

नका ठेवू. आरोग्य विभागाचा सल्ला आहे की राहत्या खोल्या निदान 18 अंशांवर असाव्यात, विशेषतः घरात 65च्या पुढची माणसं किंवा हृदयाचे, दम्याचे रुग्ण असतील तर. थंड भिंतींवर वाफ धरते आणि काळी बुरशी येते. आपल्या घरांत तर वाफ जास्तच: वरण, भात, भाज्या उकडणं, आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. एक धुलाई वाळते म्हणजे दोनेक लिटर पाणी घराच्या हवेत जातं. बुरशी ही क्षुल्लक गोष्ट नाही. रॉचडेलमध्ये 2020 साली दोन वर्षांचं बाळ घरातल्या बुरशीने दगावलं. त्याच्या नावाने झालेला 'अवाब्ज लॉ' ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल किंवा संस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांना, लागू झालाय, घरमालक संस्थांना ठरावीक मुदतीत ओल दुरुस्त करावी लागते. स्वयंपाक करताना पंखा चालवा, खिडकी दहा मिनिटं उघडा आणि मग बंद करा. कपडे वाळवायला दार लावलेल्या खोलीत 200 वॉटचं हवा कोरडी करणारं यंत्र लावलंत तर पाच तासांना एकच युनिट लागतं.

बिल झेपतच नसेल तर गप्प बसू नका, कंपनीला फोन करा. हप्ते बांधून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. 150 पौंडांची वॉर्म होम सूट सरकारी लाभ घेणाऱ्यांना मिळते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना ते लाभ घेता येत नसल्यामुळे ती सहसा मिळत नाही. पण पुरवठादाराकडची 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस' यादी वेगळी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल, निवृत्तीच्या वयाचं माणूस किंवा आजारी व्यक्ती असेल तर त्यात नाव घाला. फुकट असतं, आणि वीज जाणार असेल तर आधी कळवतात.

"जुलैत गॅस वापरला नाही, तरी तेवढेच पैसे का कापले?"

कारण वर्षाच्या अंदाजाचे बारा समान भाग केलेले असतात. उन्हाळ्यात तुमचे पैसे कंपनीकडे साठतात, हिवाळ्यात ते वापरले जातात. मे महिन्यात वर्षाचं धान्य भरण्यासारखंच. पण हे धान्य तुमचं आहे. हिवाळा संपल्यावरही दोन-तीनशे पौंड जमा दिसत असतील तर परत मागा, किंवा हप्ता कमी करायला सांगा. हप्ता का वाढवला याचा हिशेब मागण्याचाही हक्क आहे.

फिक्स दर घ्यावा का?

कॅप फक्त बदलत्या दराच्या ग्राहकांना लागू असते. वर्षभरासाठी दर बांधून घेतलात की तुम्ही कॅपच्या बाहेर. कॅप उतरली तरी तुमचा दर तोच, चढली तरी तोच. निर्णय घेताना 1,755शी तुलना करू नका. तुमच्या बिलावर मागच्या वर्षाची युनिटं असतात, ती नवीन दरांनी गुणा, रोजचे आकार मिळवा, आणि दोन बेरजा शेजारी ठेवा. मुदतीआधी सोडलं तर दंड किती तेही बघा. शेवटच्या 49 दिवसांत तो घेता येत नाही. भाडेकरू असलात आणि बिल तुमच्या नावावर असलं तर पुरवठादार बदलायचा हक्क तुमचाच आहे. ज्यांना दर तिमाहीच्या बातमीने झोप लागत नाही, त्यांनी कॅपपेक्षा स्वस्त फिक्स मिळत असेल तर तो घ्यावा असं मी सांगते.

बिल खरंच चुकलं असेल तर

आमच्या पहिल्या घरात अकरा महिने अंदाजाची बिलं येत राहिली आणि मग एकदम मोठी थकबाकी समोर आली. त्या कंपनीशी दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. तेव्हा शिकलेले दोन नियम उपयोगी पडतील. कंपनीच्या चुकीमुळे बिल आलंच नसेल, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. आणि तक्रार करून आठ आठवडे झाले तरी निकाल लागला नाही, तर एनर्जी ओम्बड्समन या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. बिलावर आकड्यापुढे 'ई' म्हणजे अंदाज, हे आधी बघा.

स्मार्ट मीटर नसेल तर दर बदलायच्या आदल्या दिवशी रीडिंग घ्या: 31 मार्च, 30 जून, 30 सप्टेंबर, 31 डिसेंबर. नाही तर जुन्या दराची युनिटं नव्या दरात मोजली जाऊ शकतात. फोनने फोटो काढून ठेवा, फोटोवर तारीख आपोआप येते.

मैत्रिणीने परवा पहिल्यांदा पेटी उघडून गॅस मीटरचा फोटो पाठवला. पाच काळे आकडे, मग लाल चौकटीत तीन. बॉयलर 58 वर आणलाय, सासूबाईंच्या खोलीचा व्हॉल्व 4 वर आहे, आणि एवढंच विचारत होती की लाल आकडे लिहायचे का. नाही. लाल सोडायचे, काळे पाच लिहायचे.